पाठची

दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी
हडर्सफील्डच्या बस स्टेशनात
क्लाइव्ह हेग उतरायचा, मी चढायचे.
"वायपर कुरकुरतोय आज," एवढंच बोलणं.
मग सव्वासहा फुटी माणसाने सोडलेल्या खड्ड्यात
मी बसायचे, पाच फुटांना अर्धा इंच कमी.
सीट कोमट. लिव्हर गंजलेला.
पुढे ओढली की स्टिअरिंग पोटात,
मागे ढकलली की ब्रेक अंगठ्याच्या टोकाला.
मधलं काही त्या सीटच्या मनातच नव्हतं.

माकडहाडाखाली टॉवेलची गुंडाळी,
कमरेमागे मुलाच्या बाबागाडीतली उशी.
लिंडलीच्या वाटेवर स्पीड ब्रेकर अकरा,
प्रत्येकाचा माझ्या मणक्यांशी जुना हिशेब.
मोडेन पण वाकणार नाही
असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला
त्याने साडेआठ तास बस चालवली नसणार.
मी वाकले. मोडायचं तेवढं राहिलं होतं.
रात्री माझे मोजे नवरा काढायचा,
आणि कुणाला सांगायचा नाही.

मार्चमध्ये नव्या सीटा आल्या.
फिओना नावाची बाई टेप घेऊन आली,
मांडीची लांबी, कोपराचा कोन, सगळं लिहून घेतलं.
ब्लाउजच्या शिंप्यानंतर
माझं माप विचारणारी ती पहिलीच.
"गुडघ्यामागे दोन बोटं मावली पाहिजेत.
खांदे कानांपासून लांब."
इतकी वर्षं खांदे कानांशी
काय कुजबुजत होते कोण जाणे.

ही सीट हवेवर बसते, फुस्स करून वजन ओळखते.
पहिले तीन दिवस पाठ जास्तच दुखली.
सरळ बसणं अंगाला खोटं वाटायचं,
परक्या घरी पंक्तीला बसल्यासारखं.
चौथ्या दिवशी मार्सडेनकडे
मेंढ्या रस्त्यात आडव्या आल्या, थांबले,
आणि लक्षात आलं,
आपल्याला पाठ आहे
हे मी तासभर विसरले होते.

सीटला बटणं दोन. एकवर क्लाइव्हचं माप, दोनवर माझं.
दोनवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

क्लाइव्हला ती सहा आठवडेच लाभली.
एकतीस वर्षं खड्ड्यात, सहा आठवडे हवेवर,
मग केक, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड,
आणि कमरेच्या ऑपरेशनची तारीख.
शेवटच्या दिवशी कठडा धरून उतरला.
म्हणाला, "वायपर ठीक आहे."

काल हातमोज्यामुळे चुकून एक दाबलं गेलं.
सीट मागे गेली, खाली गेली,
सैल होऊन रेलली.
माझे पाय पेडलपासून वीतभर लांब,
आरशात फक्त छप्पर.
लोक कार्ड टेकवून चढत होते.
मी तशीच बसून राहिले
एका मोठ्या माणसाच्या रिकाम्या आकारात.

आपल्याकडे एकाच कुशीतून मागोमाग आलेल्याला
पाठचा म्हणतात, पाठची म्हणतात.
हे क्लाइव्हला इंग्रजीत सांगायचं राहूनच गेलं.

दोन दाबलं. फुस्स.
दोन मिनिटं उशीर झाला.
सोमवारपासून ओवेन नावाचा पोरगा येतोय,
एकवर त्याचं माप चढेल.
तोवर राहू दे.