मागची दोन

शारजा, सनाइया दहा नंबर. जूनची दुपार.
कंटेनरचं दार उघडलं,
आतून थंडी नाही, कोंडलेला वास आला.
कॅनडाहून आलेली राखाडी सेडान,
मागच्या चाकांवर चालणारी.
पोटाशी मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले,
आमच्या बनियनवर संध्याकाळी असतात तसे.

मी टायरवाला. कुठल्याही गाडीचे आधी पाय बघतो.
पुढची दोन साधी, झिजून गुळगुळीत.
मागची दोन वेगळीच:
खोल खाचा, खाचांत पुन्हा बारीक चिरा,
कडेला कोरलेला तीन शिखरांचा डोंगर
आणि डोंगराच्या पोटात सहा पाकळ्यांचं काहीतरी.
बोटानं दाबलं तर रबर दबलं,
पिकायला आलेल्या फणसासारखं.

"बर्फाचं आहे," गुलजमीन म्हणाला.
आमच्या दुकानात बर्फ पाहिलेला तो एकटाच,
कालामच्या वर कुठेतरी त्याचं गाव.
माझा बर्फ म्हणजे हर्णैच्या बंदरात
सुरमईवर फोडून टाकतात तो.

"थंडीत साधं रबर दगड होतं.
हे मऊच राहतं. जमीन धरून ठेवतं."
मग पुढे का नाही घातलं?
तो हसला. "पैसे वाचवले. ओढतात मागची,
म्हटलं असेल, तेवढी बस झाली."
आणि उकिडवा बसून त्यानं दाखवला
पुढचा उजवा मडगार्ड, आत गेलेला,
चिरेत कसल्याशा झाडाची साल अडकलेली.
"मजेत निघाली असेल. चढही चढली असेल.
वळण आलं. त्यानं स्टिअरिंग फिरवलं.
चाकं वळली.
गाडी नाही वळली."

मी जॅक लावला. बोललो नाही काही.
एकवीस वर्षं मीही सगळा जोर
मागच्या दोनांनाच दिलाय:
स्लॅब, बहिणीचं लग्न, धाकट्याचा डिप्लोमा,
मग त्याच स्लॅबवर दुसरा स्लॅब.
ओढलं. चढावर कुठे घसरलो नाही.
दर मार्चात ठरवतो, या खेपेला परत,
बायकोला फोनवर तारीखसुद्धा सांगतो,
पुरतं फिरवतो स्टिअरिंग…

पाचवा नट गंजला होता. सुटेना.
गुलजमीननं पान्यावर पाय दिला.

डिकीत गोणी निघाली.
जाड प्लॅस्टिकची, तीस किलोची,
वर किमतीची चिठ्ठी, सहा डॉलर नव्व्याण्णव.
टोक फाडलं तर आत वाळू.
मागचं अंग हलकं राहिलं की
चाकं नुसती जागच्या जागी फिरतात, म्हणून हा भार,
गुलजमीन समजावत होता, पण ऐकतंय कोण?
वाळू! विकत!
पंक्चर काढणारा बिजू जमिनीवरच बसला हसत.
अरबाब फोनवर बोलता बोलता थांबला,
गोणीकडे बघितलं, दाराकडे बघितलं,
जिथे शमाल रोज एवढी फुकट आणून टाकतो
आणि रोज सकाळी मी झाडतो.

ते टायर इथे कोणी घेणार नाही.
डांबर तापतं त्यात त्यांची महिन्याभरात चिक्की होईल.
कॉम्प्रेसरमागे ठेवलेत एकावर एक,
दुकानाची मांजर दुपारी आत उतरते,
नुसते कान दिसतात.

गोणी मी मागच्या भिंतीशी रिकामी केली.
करडी, जाडसर, जरा ओलसर वाळू,
शिंपल्याचा एक कण नाही तिच्यात.
इथल्या तांबूस वाळूवर तो ढीग
तीन दिवस वेगळा दिसला.
लघवीला जाताना मी त्याला वळसा घालायचो.
चौथ्या दिवशी शमाल सुटला.

आता विचाराल
तर जागा दाखवू शकेन.
वाळू नाही.