ओळ क्रमांक चारशे सात

डंडीत, चौथ्या मजल्यावर, टे नदीकडची खोली.
फळ्यावर शब्द: डन. फिनिश्ड. कम्प्लीट. कम्प्लीटेड.
ग्रेगर डफ मार्करचं टोपण चावत उभा.
त्याला पगार मिळतो तो एवढ्याचसाठी:
यंत्रानं काम उरकलं
की माणसाला ते कसं कळवायचं, हे ठरवण्यासाठी.

कर्कॉल्डीच्या शाळेतली बाई त्याला सांगायची,
केक 'डन' होतो, माणूस 'फिनिश्ड'.
फिनिश्ड खोडला. त्यात कुणीतरी संपल्याचा वास येतो.
डनही खोडला. ओव्हन आठवतो.
उरले दोघे भाऊ:
कम्प्लीट, हात बांधून शांत उभा,
आणि कम्प्लीटेड, अजून घाम पुसत असलेला.

यागोडा म्हणाली, 'सक्सेसफुली'चं काय करायचं?
अपयशी होऊन पूर्ण झालेलं काम
पाहिलंय का तुम्ही कुणी?
मी हात वर केला. सगळे हसले.

मग ग्रेगरनं विकहून आलेलं पत्र वाचलं.
इसोबेल स्वानसन, जन्ममृत्यू नोंदणी कार्यालय.

'मंगळवारी एक बाई नवऱ्याची नोंद करायला आली.
नावाची अक्षरं बरोबर आहेत ना, बघा,
म्हणून पडदा तिच्याकडे वळवला.
बरोबर होती. मी बटण दाबलं.
हिरवी खूण उमटली, आणि तुमची ओळ:
टास्क कम्प्लीटेड सक्सेसफुली.
तिनं ती सावकाश वाचली.
म्हणाली, चला, काहीतरी तरी नीट पार पडलं त्याचं.
हसलीसुद्धा.
मग कोट घालताना तिला बाही सापडेना.
मी उठून धरली.'

स्ट्रुआननं खुर्ची मागे ढकलली.
ती ओळ एकच आहे, म्हणाला, चारशे सात.
जन्माला तीच, लग्नाला तीच,
प्रिंटरनं कागद ओकला तरी तीच.
वेगळी करायची तर दोन दिवस जातील.
कुणी काही बोललं नाही.
बरं, तीन, म्हणाला. आणि वही उघडली.

ओहोटी लागली होती. रेल्वेपुलाखाली
चिखलाची पाठ वर येत होती, त्यावर दोन बगळे.
ग्रेगर लिहायचा, पुसायचा.
'आम्हाला वाईट वाटतं' लिहिलं,
आणि स्वतःच ओशाळला: आम्ही कोण?
यंत्राला कुठलं सुतक?
'धन्यवाद' तर हात लावायच्या आधीच गळालं.

पाच वाजून गेल्यावर फळ्यावर राहिलं ते इतकंच:
द एन्ट्री हॅज बीन मेड.
नोंद झाली.
कुणी केली, ते त्यात नाही.
कशी झाली, तेही नाही.
झाली, आणि पुढे पूर्णविराम.

हिरवी खूण स्ट्रुआननं काढून टाकली.
कुणी सांगितलं नव्हतं.
विचारलं तर म्हणाला, जागा अडत होती.

वसंतात विकहून उत्तर आलं:
'नवी ओळ दिसली. आता ती कुणी वाचत नाही.
मनापासून आभार.
एक राहिलंच. लोक बोलता बोलता थांबतात,
मीही थांबते, कीबोर्डला हात लावत नाही.
मग पाच मिनिटांनी पडदा मध्येच विचारतो:
तुम्ही अजून आहात का?
त्याचंही काहीतरी बघा.'