शेवटची अकरा पानं

किसुमूत, न्यालेंडाच्या उतारावर माझं दुकान.
तीन पडदे, चार कंट्रोलर,
एकाचं डावं बटण अडकतं.
दहा शिलिंगला एक सामना.
पूर्वी मी सरोवरावरच्या होड्यांची जाळी विणायचो,
आता पोरांचे तास मोजतो.

अपोंडी खेळायला यायची नाही.
बाकाच्या टोकाला बसून वाचायची,
फिरत्या वाचनालयाचं, परत न केलेलं एकच पुस्तक:
बुडत्या शहरातली सोळा वर्षांची मुलगी
पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या चोरते.
शेवटची अकरा पानं फाटलेली.
"पुढे काय झालं असेल?"
ओकेच पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा,
"मेली असेल. नाहीतर निवडून आली असेल.
आपल्याला काय फरक पडतो?"

एप्रिलात ओविटीचा धाकटा भाऊ
शाळेतून येताना नाल्यात गेला.
नाल्यावर झाकण नाही. पाणी चढलं
की रस्ता कुठला, नाला कुठला, कळत नाही.
दुसऱ्या दिवशी लव्हाळ्यात सापडला.
दप्तर पाठीवरच होतं.

त्या आठवड्यात कुणी फुटबॉल लावला नाही.
पोरांनी ठोकळ्यांचा खेळ उघडला
आणि आमची वस्ती रचायला घेतली:
पिठाची गिरणी, चपातीवालीची छत्री,
माझं दुकान, गंजलेल्या पत्र्यासकट.
नाला ओकेचने पायांनी मोजून आणला,
दोनशे बारा पावलं.
अपोंडीने पहिल्यांदा कंट्रोलर धरला,
तो अडकणाराच.
मी पैसे घेतले नाहीत.
म्हणजे, पहिले दोन दिवस घेतले. खोटं कशाला बोलू.

वॉर्डाच्या बजेटची जाहीर सभा.
हातगाडीवर टीव्ही, बॅटरी, वर माझी ताडपत्री.
साहेब म्हणाले, "इथे खेळ घेऊन आलात?"
अपोंडीने कंट्रोलर त्यांच्या हातात ठेवला.
"शाळेपासून घरापर्यंत चालून दाखवा, साहेब."

साहेबांचे अंगठे चाचपडले.
चार पावलं नीट.
पाचव्याला त्यांचा माणूस नाल्यात.
अख्खा मांडव हसला, साहेबही हसले,
आणि मग एकेकाला दिसत गेली
तिसऱ्या रांगेतली ओविटीची आई.
ती हसली नव्हती, रडतही नव्हती,
पडद्यावरच्या पाण्याकडे बघत होती.
तिथे अक्षरं आली: पुन्हा प्रयत्न करा?
साहेबांनी कुठलंच बटण दाबलं नाही.

नोंद घेतली गेली.
नोंदी घेण्यात आमचं सरकार कुणाला हार जात नाही.
जुलैपर्यंत चाळीस पावलांवर फरश्या पडल्या,
त्यातली एक डुगडुगते.
ओकेच अठराचा झाला, मतदार नोंदणीच्या रांगेत
दोन तास उभा होता,
रिकामे अंगठे एकमेकांवर घासत.

परवा अपोंडी दुकानात आली,
माझ्याकडे जाळ्याचा दोरा मागितला.
अकरा कोरी पानं पुस्तकाला शिवायची होती,
मग म्हणे परत करेन.
मीच शिवली. हात अजून विसरले नव्हते.

"शेवट लिहिलास का?" मी विचारलं.
तिने पहिलं पान उघडून दाखवलं.
एकच ओळ होती,
पेन्सिलीने, खोडता येईल अशी:
उरली एकशे बहात्तर.