नऊ मिलिमीटर

आधी फुंकर नाही मारायची.
फुंकरीत ओल असते,
आणि पहूरची धूळ ओल दिसली की
घरजावयासारखी बसते.
आधी कोरडा ब्रश, दाढीचा, जुना.
मग मेडिकलवरून आणलेल्या स्पिरिटचे चार थेंब,
बुचावर गुंडाळलेलं माझं बनियन
(फाडत नाही, अख्खंच, जागा बदलत)
आणि पाचोऱ्याच्या टोकापासून
जामनेरच्या टोकापर्यंत
एकाच दाबाने, हात न उचलता.

खाली सहा फुटी दरवाजा.
मोरीला फायबरचा बसवला तेव्हा उतरवलेला.
कडीची भोकं तशीच आहेत,
एकात मी शेंदुर्णीची विहीर केली.

रूळ जर्मन सिल्व्हरचे.
नावात चांदी, अंगात तांबं.
चाळीस वर्षं घड्याळांच्या पाठी उघडल्या,
हा लबाड धातू मला ठाऊक आहे.
तो लोखंडासारखा गंजत नाही, रुसतो.
अंगावर साय धरतो काळपट,
डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकी,
पण वीज ती ओलांडत नाही
आणि इंजिन पिंपळगाव सोडून चार बोटांवर
उभं राहतं, मान खाली घालून.

"काय घासू राह्यले आबा? सोनं निघन का?"
दारात मुनाफ, इसाक पिंजाऱ्याचा नातू.
त्याला चिमटा दिला,
इंजिन उताणं करून दिलं.
आसाभोवती कापसाचा तंतू,
जिनिंगवरून उडत आलेला, घट्ट पिळलेला.
"तुझ्या आजाचा माल," म्हटलं.
"आजा एवढा बारीक नव्हता पिंजत."

तंतू काढला. तेल दिलं, सुईच्या टोकाएवढं.
गाडी सोडली.
पिंपळगाव. चार बोटं. उभी.

मग भिंग लावलं डोळ्याला.
ओरखडे. तिरपे, शेकडो.
माझेच.
पहिल्या वर्षी धीर नव्हता,
पॉलिश पेपर घेतला होता.
काय चकाकलं होतं तेव्हा!
सेल बदलायला आलेल्यांनाही
आत बोलावून दाखवलं होतं.
आता एकेका ओरखड्यात काळं बसतं,
बनियनचं सूत तिथवर पोचत नाही.
चकाकवणं वेगळं, साफ करणं वेगळं,
हे मी गिऱ्हाइकांना
किती ठामपणे सांगायचो.

"चालवत राहा ना," मुनाफ म्हणाला.
"रोज. चाकंच घासतील.
मामू गँगमध्ये होता, तो म्हने,
ज्याच्यावरून गाडी जात नाही
तो रूळ लाल पडतो."
मी काही बोललो नाही.
छोटी गाडी बंद झाली त्या पावसाळ्यात
मी स्टेशनामागे जाऊन पाहिलं होतं.
आठ दिवस पुरले होते.

तेव्हापासून सातला एक फेरी,
लाईट असो-नसो, असली तर.
चार बोटांवर आली की
मुनाफ करंगळीने ढकलतो:
"पॅसिंजर उतरले, धक्का मारू राह्यले."
बहुतेक वेळा निघते.
परवा दोनदा आपणहून गेली,
तिसऱ्यांदा नाही.

बनियन धुतलं, दोरीवर टाकलंय.
साबणाने गेल्या नाहीत त्या दोन रेघा,
काळ्या, शेजारी-शेजारी,
नऊ मिलिमीटरचं अंतर राखून,
पोटावरून निघून
काखेत वळणाऱ्या.