खोबण

हळदीचे सौदे चालू असताना
लॉरीच्या फळीवरून पाय घसरला दस्तगीर नदाफचा.
पोतं एकीकडं, खांदा भलतीकडं.
हाडांचे डॉक्टर मिरजेला, गाडी मिळेना,
म्हणून चौघांनी यार्डाला लागून असलेल्या दवाखान्यात आणला,
म्हणजे आमच्या प्रसूतिगृहात.

एक्स-रे आमच्याकडं नाही.
सोनोग्राफी आहे, पण ती जागची हलत नाही,
तिची खोली ठरलेली, कागदावर शिक्का.
मग त्यालाच आत घेतला,
'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली
स्टुलावर पाठमोरा बसवला.
दारातून एक बाई म्हणाली, कितवा म्हणायचा?
तोही हसला. हसताना कळवळला.

जेल गार.
पाठीवर सकाळपासूनची हळद,
प्रोब फिरेल तिथं पिवळा चिखल.

या काळ्या पडद्यात मी रोज
ठोके शोधते, नाळ, पाणी, डोकं.
आजही डोकंच शोधत होते, हाडाचं.
खोबणीची कड दिसली, पांढरी, लख्ख,
आणि शेजारी जिथं तो गोल असायचा
तिथं काही नाही.
तो खाली, पडद्याच्या तळाशी,
थप्पीमागं जाऊन निजलेल्या हमालासारखा.

"खोबण रिकामी आहे," मी म्हटलं.
"रिकामं काय, आजचं हाय व्हय, बाई?"

मागच्या खेपेला कुणीतरी काखेत टाच रोवून
ओढला होता म्हणे, दिवसभर उलट्या.
मी सांध्यात भुलीची सुई दिली, थांबले,
कोपर अंगाशी धरून हात बाहेर वळवत गेले,
घाई न करता.
सिस्टर कुंदा प्रोब धरून उभी.
"आज दर काय फुटला?"
तो सांगायला लागला, राजापुरीला अमुक, कणीला...
आकडा तोंडातच राहिला.

पडद्यावर गोल वर आला,
कडेला कड लावून बसला.
हात आतबाहेर फिरवून पाहिला,
जागच्या जागी वळत होता,
सातव्या महिन्यात कूस बदलतात तसा.

"पोतं कवा उचलू?"
"सहा आठवडे नाही."
तो भिंतीकडं बघत राहिला. बोटांवर काहीतरी मोजलं.
रजिस्टरात 'आठवडे' असा रकाना असतो.
मी आडवी रेघ मारली.

नंतर आत आली ती दारातलीच.
प्रोब दोनदा पुसला होता,
तरी खाचेत राहिलं असावं,
पोटावर पिवळी रेघ उमटली.
मी कापूस घेतला.
"असू द्या," ती म्हणाली.