पेव

हरिपुरात आमच्या घरामागं दोन पेवं बुजलेली आहेत.
महापुराचं पाणी शिरलं, हळद नासली.
तोंडावर फरशी टाकलीय, तिच्यावर धुणं वाळतं.

त्याच फरशीवर बसून, रात्री पावणेदोनला,
मी लॅपटॉप उघडते.
पाटबंधारेच्या ऑफिसातली बेचाळीस पानं,
पूररेषा पेन्सिलीनं मागं सरकवलेले नकाशे,
सह्यांसकट.
एक सही माझ्या साहेबांची. टायपिंग माझं.

पाकीट तीन घरांतून जाईल म्हणे.
पहिलं घर मला ओळखतं, ठिकाण ओळखत नाही.
तिसऱ्याला ठिकाण ठाऊक, धाडणारी नाही.
मधल्याला दोन्ही नाही.
घरं कुणाची, ते विचारायचं नाही.
एक जर्मनीत, एक रोमानियात,
एक कुणी भला माणूस पदरमोड करून चालवतो,
किंवा एखादं सरकारच,
भल्या माणसाच्या नावानं.

गुलाब शिकलगार पेवात उतरायचा.
तोंड उघडलं की चार तास नुसतं उघडं,
मग दोरीला कंदील बांधून खाली.
कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही.
आत कुणाचा माल, मी लहानपणी विचारलं होतं.
"मला नंबर कळतो, नाव न्हाई.
नाव यापाऱ्याच्या वहीत."
मग विडी विझवून म्हणाला,
"पर जप्तीवाला पेवात उतरतोय व्हय, पोरी?
त्यो चिंचंखाली बसतोय.
कुणाची गाडी कवा आली, कवा गेली,
येताना चाकं किती रुतली, जाताना किती.
झालं की."

भाचा म्हणतो, कुलूप फोडायला हजार वर्षं लागतील.
असतील.
मी कुलपाचं काही म्हणतच नाही,
मी चिंचेखालच्या माणसाचं म्हणतेय.
सगळं गाव झोपलंय, संगमाच्या देवळाकडं एक कुत्रं.
आत्ता, या गावातून, त्या पहिल्या घराची कडी वाजवणारी
मी एकटीच असेन, तर नाव झाकून
काय झाकलं?

मिरजेत कुणीतरी जागं असावं.
कुपवाडला पाळी सुटलेल्या एखाद्या पोरानं
काही कारण नसताना हीच कडी वाजवावी.
क्रिकेटचा स्कोअर,
घरात न सांगितलेलं दुखणं, काहीही.
त्याच्या चाकांच्या चिखलात
माझी चाकोरी मिसळून जाईल.

गुलाबचाचा गेला तेव्हा शेवटची अंघोळ घालणारे सांगत होते,
पेवं बुजून इतकी वर्षं झाली,
नखांच्या कडा पिवळ्याच.

दोरीला बांधून खाली सोडावा
असा कंदील या पेवाला नाही.
पट्टी सरकते. चाळीस. पंचावन्न.
एकसष्टवर थांबलीय.

दत्तवाड्यांच्या खिडकीत दिवा लागला.
पाणी प्यायला उठले असतील.
नाहीतर त्यांचं धाकटं, मोबाईल घेऊन, चोरून.
तेच असू दे.