दाराची कडी

चर्चच्या तळघरात मतपेटी, शेजारी कॉफीचा थर्मास.
शाळेच्या कर्जरोख्यांवर हे तिसरं मतदान.
दोनदा मी ‘नाही’चा गोल काळा केला होता :
घरपट्टी वाढते,
आणि माझं त्या शाळेत आता आहे कोण?

एकवीस वर्षं तिथे मुलांना वाढलं मी.
बॉयलर तेव्हाही खोकायचा.
जिमच्या गळक्या छताखाली लाइल त्वेट बादल्या मांडायचा,
पोरं त्या चुकवत चेंडू पळवायची.
चालायचंच, म्हणायचो.

गेल्या मंगळवारी केक द्यायला गेले,
तर तिसरीच्या बाई कमरेचा पट्टा काढून
दाराच्या मुठीला आवळत होत्या.
कडी लागत नाही, म्हणाल्या. सराव चाललाय.
सोळा मुलं भिंतीशी, अंधारात, चिडीचूप.
एकाच्या बुटांतले दिवे तेवढे लुकलुकत होते,
आणि तो ते
दोन्ही हातांनी झाकत होता.

या खेपेला पेन अडलं नाही.
साठ टक्के लागतात. नऊ मतं कमी पडली.

सकाळी कपाटातून
अर्लिंगचा पट्टा काढला,
रुंद, बैलाच्या कातड्याचा,
तो गेल्यापासून तसाच टांगलेला,
आणि बर्फातून शाळेकडे निघाले.